मुफ्तीचे चरित्र कसे लिहावे : सोलापुरातील अभ्यासकांसाठी

सोलापुरात एखादे वयोवृद्ध आलिम, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे विद्वान, निवर्तले की काही दिवस त्यांच्याविषयी आदराने बोलले जाते, स्थानिक दैनिकात छोटीशी बातमी येते, मशिदीत दुआ होते आणि पुढे काही वर्षांत ‘फार मोठे बुजुर्ग होते’ एवढेच वाक्य शिल्लक राहते. वारसा, विवाह, व्यापार, वक्फ आणि जकात यांविषयी आलेल्या प्रश्नांची ज्यांनी आयुष्यभर लेखी उत्तरे दिली, त्यांच्या कामाची नोंद अशी एका वाक्यात संपू नये, या तळमळीने हे मार्गदर्शन लिहिले आहे. आपल्या पेठेतील, नात्यातील किंवा मदरशातील एखाद्या फकीहाचे, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याच्या जाणकाराचे, चरित्र लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला, शिक्षकाला किंवा कुटुंबीयाला ते उपयोगी पडावे. यातील मुख्य सूचना आरंभीच सांगतो. मुफ्तीचे चरित्र त्यांच्याकडे आलेल्या प्रश्नांतून आणि त्यांनी दिलेल्या उत्तरांतून उभे राहते. म्हणून शोधाचा आरंभ फतव्यांच्या वहीपासून करावा आणि आठवणी, गौरवपर भाषणे व करामतींच्या कथा नंतर हाताळाव्यात.

चरित्रनायक नेमके कोण होते, हे आधी ठरवावे

आपल्याकडे दाढी आणि टोपी असलेल्या प्रत्येक विद्वानाला सरसकट ‘मौलाना’ म्हटले जाते. चरित्रकाराला ही ढिलाई परवडत नाही. कुराण मुखोद्गत असणारे हाफिज, दर्स-ए-निजामीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले आलिम, त्यानंतर इफ्ताचे स्वतंत्र शिक्षण घेऊन फतवे देणारे मुफ्ती, मशिदीत नमाज पढवणारे इमाम, शुक्रवारचा खुतबा देणारे खतीब, मदरशात शिकवणारे मुदर्रिस आणि निकाह लावणारे काझी या वेगवेगळ्या भूमिका आहेत. एकाच व्यक्तीने आयुष्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर यांतल्या तीन-चार भूमिका पार पाडलेल्या असू शकतात, म्हणून कोणत्या वर्षी कोणती भूमिका होती याचा तक्ता प्रथम करावा.

काझी या पदाबाबत विशेष सावध राहावे लागते. आदिलशाही आणि मराठेशाहीत परगण्याच्या काझीला वतन असे, ते वंशपरंपरेने चाले आणि त्याच्यासोबत इनाम जमीनही असे. इंग्रजी अमलात न्यायालयांना मुस्लिम कायदा समजावून सांगण्यासाठी नेमलेले अधिकारी १८६४ च्या कायद्याने बंद झाले. त्यानंतर १८८० च्या काझी कायद्याने सरकारला स्थानिक मुस्लिमांच्या इच्छेनुसार काझी नेमता येऊ लागला, परंतु अशा काझीला न्यायदानाचा कोणताही अधिकार मिळत नाही, असे त्या कायद्यातच स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे विसाव्या शतकातील एखाद्या काझीसाहेबांविषयी ‘ते शहराचे न्यायाधीश होते’ असे वाक्य कोणी उत्साहाने सांगितले, तर ते चरित्रात जसेच्या तसे घेऊ नये. आडनाव काझी असणे आणि काझीचे काम करणे यांतही फरक आहे. आपल्या जिल्ह्यात हे आडनाव लावणारी कितीतरी घराणी शेती, नोकरी किंवा व्यापार करतात.

मुफ्तीच्या मताचे स्वरूपही वाचकाला आरंभीच सांगावे. फतवा हे विचारलेल्या प्रश्नावर दिलेले शास्त्रीय मत असते. विश्वलोचन मदन विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ७ जुलै २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फतव्याला कायद्याचे बळ नाही, तो कोणावर लादता येत नाही आणि ज्या व्यक्तीच्या हक्कांचा प्रश्न आहे तिने स्वतः विचारल्याशिवाय तिच्याविषयी तो देऊ नये, असे सांगितले. मात्र मत विचारणे आणि देणे बेकायदेशीर ठरवले नाही. एवढी चौकट मांडून ठेवली की पुढील मजकुराविषयी वाचकाचे गैरसमज होत नाहीत.

शिक्षणाची वर्षे : सनद, उस्ताद आणि नावापुढची उपाधी

लखनौच्या फिरंगी महलातील मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने ओळखला जाणारा दर्स-ए-निजामी हा अभ्यासक्रम अठराव्या शतकापासून भारतीय मदरशांचा पाया आहे. त्यांचे निधन १७४८ मध्ये झाले. आज तो साधारण आठ वर्षांचा असतो. सुरुवातीला अरबी व्याकरण असते, मग फिकहमध्ये, म्हणजे धर्मकायद्याच्या शास्त्रात, ‘नूरुल ईजाह’, ‘कुदूरी’, ‘शरह-ए-विकाया’ आणि शेवटी मर्गिनानींचा ‘हिदाया’ असा चढता क्रम असतो, आणि अखेरच्या वर्षी हदीसचे, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचे व आचरणाचे, सहा प्रमुख संग्रह वाचले जातात, ज्याला दौरा-ए-हदीस म्हणतात. त्यापुढे वर्ष-दोन वर्षे इफ्ताचा अभ्यास करणारा विद्यार्थी एखाद्या अनुभवी मुफ्तीच्या हाताखाली खऱ्या प्रश्नांची उत्तरे लिहितो आणि ती तपासून घेतो. चरित्रनायकांनी यातले काय, कोठे आणि कोणापाशी वाचले, हे शोधणे म्हणजे त्यांच्या विचाराची मुळे शोधणे होय.

नावापुढची उपाधी येथे पहिला धागा देते. कासमी म्हणजे देवबंद, मजाहिरी म्हणजे सहारनपूर, नदवी म्हणजे लखनौची नदवा, मिस्बाही म्हणजे मुबारकपूर, रशादी म्हणजे बंगळूर, बाकवी म्हणजे वेल्लोर, आणि इशाअती म्हणजे आपल्याच राज्यातील नंदुरबार जिल्ह्यातले अक्कलकुवा. सोलापूर कर्नाटक आणि जुन्या निजाम राज्याच्या सीमेवर असल्यामुळे येथील विद्यार्थी उत्तरेइतकेच दक्षिणेकडेही गेले असण्याची शक्यता लक्षात ठेवावी, आणि हैदराबादची १८७६ मध्ये स्थापन झालेली जामिया निजामियाही शोधाच्या कक्षेत ठेवावी. मात्र उपाधी हा पुरावा नव्हे. रजवीसारखी उपाधी पदवीऐवजी आध्यात्मिक नात्यामुळेही लावली जाते. पुरावा म्हणजे सनद, अर्थात शिक्षण पूर्ण केल्याचा लेखी दाखला. ती पाहायला मिळाली की तीवरील संस्थेचे नाव, मोहर, उस्तादांच्या सह्या आणि हिजरी तारीख यांचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे. हदीसची इजाजत, म्हणजे ती पुढे शिकवण्याची लेखी परवानगी, असेल तर तीत उस्ताद, त्यांचे उस्ताद अशी मागे जाणारी साखळी दिलेली असते. ती पूर्ण उतरवून घ्यावी, कारण कुटुंबीयांना ठाऊक नसलेली नावे बहुधा तेथेच सापडतात.

तारखांचे रूपांतर काळजीपूर्वक करावे. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे ढोबळ हिशोब असा होतो की हिजरी वर्षातून शेकडा तीन वजा करून ६२२ मिळवावेत. देवबंदच्या दारुल उलूमची स्थापना मुहर्रम १२८३ मधली. १२८३ मधून सुमारे ३८ वजा केले की १२४५ उरतात, त्यांत ६२२ मिळवले की १८६७ च्या जवळ येतो, आणि मुहर्रम हा वर्षाचा पहिला महिना असल्याने खरी तारीख मे १८६६ मध्ये पडते. म्हणून महिना माहीत नसेल तेव्हा ‘१८६६-६७’ असे जोडवर्षच लिहावे. मदरशाचे वर्ष शव्वालमध्ये सुरू होऊन शाबानमध्ये संपते, त्यामुळे दस्तारबंदीचे, म्हणजे शिक्षण पूर्ण केलेल्यांना पगडी बांधण्याचे, जलसे सहसा त्या वर्षाच्या अखेरीस होतात, हेही तारीख ठरवताना उपयोगी पडते.

फतव्यांची वही

आता मूळ कामाकडे वळू. व्यवस्थित काम करणारे मुफ्ती प्रत्येक उत्तराची नक्कल ठेवतात. ती जाड बांधणीच्या वहीत असेल, सुट्या कागदांच्या गठ्ठ्यात असेल किंवा मदरशाच्या कपाटात असेल. प्रश्नाचा कागद साधारणपणे ‘क्या फरमाते हैं उलमा-ए-दीन व मुफ्तियान-ए-शरअ-ए-मतीन इस मसले में’ या ठरावीक वाक्याने सुरू होतो. खाली विचारणाऱ्याचे नाव आणि पत्ता असतो. मग ‘अल-जवाब’ असे मधोमध लिहून उत्तर येते, त्यात आधाराच्या ग्रंथाचे अरबी उतारे असतात, शेवटी ‘वल्लाहु आलम’ (अल्लाहच अधिक जाणतो), सही, तारीख आणि मोहर असते. कधी त्याखाली दुसऱ्या आलिमाने ‘अल-जवाब सहीह’, म्हणजे उत्तर बरोबर आहे, असे लिहून सही केलेली असते. ती सही दिसली तर मोलाची मानावी, कारण शहरात त्या काळी कोणाचे कोणाशी विद्वत्तेचे संबंध होते याची ती थेट साक्ष असते.

या कागदांत जैद, बकर, उमर आणि हिंदा ही नावे पुन्हा पुन्हा भेटतील. ही खऱ्या माणसांची नावे नसतात. फिकहच्या ग्रंथांत उदाहरणादाखल वापरायची ती ठरलेली नावे आहेत आणि विचारणाऱ्याची ओळख झाकण्यासाठी ती घेतली जातात. ‘जैदने हिंदाला तलाक दिला’ या वाक्यावरून कोणी विजापूर वेशीत जैद नावाच्या माणसाचा शोध सुरू करू नये.

वही वाचताना प्रत्येक फतव्यासाठी एक ओळ करावी : तारीख, विषय, प्रश्नाचा गोषवारा, उत्तर, आधारग्रंथ, शेरा. शंभरेक नोंदी झाल्या की माणूस दिसू लागतो. सोलापूर हे कापडाचे गाव आहे आणि प्रश्नांतही ते उमटते. यंत्रमागधारकाने वर्षअखेरीस शिल्लक सुतावर जकात कशी काढावी, विणकराला दिलेली उचल त्याच्या मजुरीतून कापताना काय पाळावे, भिशीत आधी उचलणाऱ्याने कमी रक्कम घेणे चालते का, गिरणी कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीवरच्या व्याजाचे काय करायचे, विडी वळणाऱ्या बाईचा मेहेर नवऱ्याच्या मृत्यूनंतर कोणी द्यायचा. अशा प्रश्नांची उत्तरे देताना मुफ्तीला ग्रंथातला नियम तर माहीत असावाच लागतो, पण माग, सूत, उचल आणि हप्ता यांचे व्यवहारही समजावे लागतात. आपले चरित्रनायक उत्तर देण्याआधी व्यवहाराची चौकशी करीत की सरळ ग्रंथ उघडीत, हे त्यांच्या कागदांवरून कळते, आणि माझ्या मते एका फकीहाविषयी कळण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

वारशाचे फतवे चरित्रकाराने स्वतः गणित करून तपासावेत. एक नमुना सविस्तर पाहू. माणूस वारला, मागे पत्नी, आई, दोन मुलगे आणि एक मुलगी आहेत. प्रथम दफनाचा खर्च, मग कर्ज, मग उरलेल्याच्या एक-तृतीयांशापर्यंत वसीयत (मृत्युपत्राने दिलेली रक्कम) आणि त्यानंतर वारसांचे हिस्से, हा क्रम ठरलेला आहे. अपत्ये असल्यामुळे पत्नीला अष्टमांश आणि आईला षष्ठांश मिळतो. छेद २४ घेतला तर पत्नीचे ३, आईचे ४ आणि उरले १७. मुलाला मुलीच्या दुप्पट मिळत असल्याने हे १७ पाच वाट्यांत विभागायचे आहेत, पण १७ ला ५ ने नि:शेष भाग जात नाही. म्हणून २४ ला ५ ने गुणून १२० केले जातात. त्यात पत्नीचे १५, आईचे २०, प्रत्येक मुलाचे ३४ आणि मुलीचे १७, एकूण १२०. कागदावर वर ‘मसला २४’ आणि ‘तसहीह १२०’ असे आकडे आणि खाली प्रत्येक वारसाच्या नावाखाली त्याचा हिस्सा, अशी मांडणी दिसेल. हे शास्त्र सजावंदींच्या ‘सिराजी’ या छोट्या ग्रंथावरून शिकवले जाते. आपल्या मुफ्तींनी मुलीचे १७ हिस्से लेखी स्पष्ट करून दिले, पण घरच्यांनी ते तिला दिले नाहीत, असे प्रकरण पुढच्या पानावर पुन्हा आलेले आढळले, तर दोन्ही नोंदी शेजारी ठेवून द्याव्यात. अशा नोंदींतून चरित्राला समाजाच्या इतिहासाचे मोल येते.

आधारग्रंथांकडेही लक्ष असावे. हनफी मुफ्ती बहुतेक वेळा १८३६ मध्ये निवर्तलेल्या इब्न आबिदीन या दमास्कसच्या फकीहाचा ‘रद्दुल मुहतार’ आणि औरंगजेबाच्या काळात विद्वानांच्या मंडळाने सिद्ध केलेला ‘फतावा-ए-आलमगीरी’ यांचे हवाले देतात. त्यासोबत कोणी देवबंदी परंपरेतील अशरफ अली थानवींचा आधार घेतो, कोणी बरेलवी परंपरेतील अहमद रजा खान यांचा. ही निवड चरित्रनायकांची मसलक, म्हणजे धार्मिक विचारधारा, सांगते. मसलकीविषयी लिहिताना दुसऱ्या बाजूला कमी लेखणारा एकही शब्द आपल्या लेखणीतून उतरू नये. वाद झाला असेल तर दोन्ही बाजूंचे लेखी म्हणणे द्यावे. चरित्रनायक मूळचे कोकणातले असतील तर ते शाफई असण्याची शक्यता मोठी, आणि मग हनफी शहरात त्यांनी दुसऱ्याच्या मजहबानुसार (हनफी, शाफई हे फिकहचे मजहब, म्हणजे संप्रदाय) उत्तरे कशी दिली, हा एक सुंदर विषय हाती येतो.

मत बदलल्याची नोंद कधीही गाळू नये. आधी दिलेल्या उत्तरापासून मागे फिरून नवे उत्तर देण्याला रुजू म्हणतात आणि या परंपरेत तो प्रामाणिकपणा मानला जातो. कुटुंबीयांना त्यात कमीपणा वाटत असेल तर त्यांना हे समजावून सांगावे.

तलाक, पोटगी यांसारख्या विषयांवरचे फतवे त्या-त्या वेळच्या कायद्याशी ताडून पाहावेत. १९३७ चा शरीअत कायदा, स्त्रीला न्यायालयातून विवाह मोडून घेण्याचा हक्क देणारा १९३९ चा कायदा, तिहेरी तलाक अवैध ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०१७ चा निर्णय आणि त्याला गुन्हा ठरवणारा २०१९ चा कायदा, हे चार टप्पे तर समोर असायलाच हवेत. मुफ्तींचे शास्त्रीय मत आणि देशाचा कायदा यांत अंतर असेल तेथे दोन्ही गोष्टी स्वच्छ मांडाव्यात.

माणसांकडून काय विचारावे

वही वाचून झाल्यावरच मुलाखती घ्याव्यात, कारण तोवर नेमके प्रश्न तयार झालेले असतात. ‘हजरत कसे होते?’ असे विचारले तर कौतुक ऐकायला मिळते. ‘प्रश्न घेऊन येणाऱ्याला ते कोठे बसवीत, उत्तर लगेच देत की दोन दिवसांनी बोलावीत, मोबदला घेत का, रागावत केव्हा, कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यायला नकार देत?’ असे विचारले तर माहिती मिळते. पोटापाण्याचे काय होते हे संकोच न करता विचारावे. मदरशाचा पगार, इमामत, शिकवण्या, किताबांचे दुकान किंवा घरचा माग यांपैकी कशावर घर चालले, हे कळल्याशिवाय कारकीर्द समजत नाही.

घरातील स्त्रियांशी बोलणे अनेक चरित्रकार टाळतात आणि त्यामुळे अर्धे चरित्र हातचे जाते. स्त्रियांचे प्रश्न पुष्कळदा मुफ्तींच्या पत्नीमार्फत किंवा मुलीमार्फत आत पोहोचतात आणि उत्तरही त्याच वाटेने बाहेर येते. ही उत्तरे वहीत नसतात. अम्मींना, खालाजानना किंवा सूनबाईंना त्या आठवणी असतात, आणि त्या विचारायला शक्य तर एखाद्या महिला सहकाऱ्याने जावे. मुलाखत दखनीत होईल, मराठीत होईल, कधी तेलुगू वा कानडी शब्द मध्ये येतील. सांगणाऱ्याचे शब्द आहेत तसे नोंदवून मग मराठीत आणावेत.

शहरातील मोठ्या घटनांशी आयुष्य जोडून पाहावे. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’ पत्राचे संपादक कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. त्या काळात हयात असलेल्या आलिमाने या घटनेविषयी काय म्हटले, काय लिहिले, हे विचारलेच पाहिजे, आणि लेखी काही न सापडल्यास तर्काने भर घालू नये.

सरकारी आणि जुने कागद

वतनदार काझी घराण्यातील चरित्रनायक असतील तर पुणे पुरालेखागारातील इनामाचे दप्तर पाहावे लागेल. तेथे मोडी वाचणारा आणि फारसी वाचणारा असे दोन सोबती लागतात. मोडी कागदांवर बहुधा शुहूर सन असतो आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे, म्हणजे हे साल १७६०-६१, पानिपतचे. निजामाच्या हद्दीतील कागदांवर फसली सन असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवावेत. १८८४ चे सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर पार्श्वभूमीसाठी चांगले आहे, पण व्यक्तींसाठी त्याचा फारसा उपयोग होत नाही.

लिहायला बसताना

फकीहांची चरित्रे लिहिण्याची इस्लामी परंपरा जुनी आहे. तबकात म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथांत नाव, वंश, जन्मस्थान, उस्ताद, प्रवास, शागीर्द, ग्रंथ आणि निधन असा क्रम असतो. लखनौचे अब्दुल हय फिरंगी महली यांचे अवघे आयुष्य १८४८ ते १८८६ एवढेच होते, तरी त्यांनी हनफी फकीहांचा असा चरित्रकोश सिद्ध केला. हा क्रम आपल्या पहिल्या मसुद्यासाठी घ्यावा, पण त्यात एक मोठे प्रकरण प्रश्नोत्तरांचे घालावे आणि पुस्तकाचा निम्मा भाग त्यालाच द्यावा.

तुलनेसाठी महाराष्ट्रातीलच एक वेगळी कारकीर्द समोर ठेवता येते. १८९९ मध्ये माथेरानला जन्मलेले आसफ अली असगर फैजी सुलेमानी बोहरा होते, केंब्रिजला शिकले, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, पुढे इजिप्तमध्ये भारताचे राजदूत आणि काश्मीरमध्ये कुलगुरू राहिले, आणि फातिमी काळातील काझी नुमान यांच्या ‘दआइमुल इस्लाम’ या ग्रंथाची संशोधित आवृत्ती त्यांनी सिद्ध केली. त्यांच्या चरित्राची साधने व्याख्याने, छापील ग्रंथ आणि न्यायालयीन निकाल ही आहेत. पेठेतील मुफ्तीची साधने वही, सनद आणि आठवणी ही आहेत. साधनेच वेगळी असल्याने एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजू नये.

गोपनीयतेचा नियम कडक ठेवावा. हयात कुटुंबांच्या तलाकाची, कर्जाची किंवा वारशाच्या भांडणाची नावे, गल्ली, व्यवसाय यांपैकी काहीही छापू नये. फतव्याचा विषय आणि शास्त्रीय मुद्दा तेवढा घ्यावा. अरबी-उर्दू नावांचे मराठी लेखन आरंभी एकदा ठरवून शेवटपर्यंत तेच पाळावे.

छपाईआधी मसुदा तिघांना वाचायला द्यावा : कुटुंबातील एक व्यक्ती, फिकह जाणणारे एक आलिम आणि या विषयाशी संबंध नसलेला एक मराठी वाचक. आलिम चुकीचा हवाला दाखवतील, कुटुंबीय चुकीची तारीख दाखवतील, आणि मराठी वाचक जेथे अडेल तेथे एक वाक्य वाढवावे लागेल. वहीची छायाचित्रे पृष्ठक्रमाने लावून एक संच कुटुंबाला आणि एक मदरशाला द्यावा, मूळ वही ज्या कपाटातून घेतली त्याच कपाटात परत ठेवावी, आणि आपण केलेली फतव्यांची विषयसूची, नावे वगळून, पुस्तकाच्या शेवटी छापावी.